समोरचं दार बंद आहे

माझी मावशी आयुष्यभर दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसली. येणाऱ्या प्रत्येकाला गोड हसून "अजिबात दुखणार नाही" असं सांगायचं, हे तिचं काम. त्यामुळं धडधडीत खोटं प्रसन्न चेहऱ्यानं बोलायची तिला सवय झाली होती. आत कुणाची तरी दाढ निघत असे, किंकाळ्या बाहेर ऐकू येत, आणि मावशी टेबलावरची गुळगुळीत मासिकं चाळत असे. त्यातलं एक सदर तिचं फार लाडकं होतं. साध्या, सोप्या, ऋतूप्रमाणे बदलत्या सजावटीनं आपलं घर खेड्यातल्या घरासारखं ऊबदार कसं करावं, हे त्यात दर महिन्याला सांगितलेलं असायचं. शहरातल्या दोन खोल्यांत ते काही जमलं नाही. कोपऱ्यात गवताची पेंढी ठेवली तर इमारतीचा वॉचमन येऊन म्हणाला, इथं जनावरं पाळायला परवानगी नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्म सगळा वर-खाली करण्यात गेला. दोघं निवृत्त झाली आणि काकांच्या वडिलांच्या गावाबाहेरच्या घरात राहायला गेली. घर बैठं. काकांना आता चढायला मजलाच उरला नाही, म्हणून ते खुर्चीत बसले आणि बसलेच. कुणी काही विचारलं की "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणायचे. मावशीला असा नवरा सोयीचा होता. त्याला कुठंही हलवता येत होतं, पडद्याशी त्याचा रंगही जुळत होता.

त्या घरात काकांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको आधीपासून राहत होती. भावाला सगळे दादा म्हणत. वहिनीला पाठीमागं सगळे थोरली म्हणत आणि तोंडावर काय म्हणावं हे कुणाला ठरवता आलं नव्हतं, कारण तोंडावर फार वेळ कुणी टिकत नसे. बाईचा आवाज असा की बादली खाली ठेवली तरी ती कुणाला तरी रागावली असं वाटावं. मी तिला काकू म्हणायचे.

मावशीला वाटलं, आता खरं खेडं मिळालं, आता कोण अडवणार! पानगळीला तिनं पायरीवर भोपळे मांडले. शेजारच्या गाईनं ते खाल्ले. थंडीत तिनं आरामखुर्चीवर एक लोकरी चादर "सहज टाकली". ती सहज दिसावी म्हणून मावशी तिचा एक कोपरा ओढत, दुसरा सरकवत, लांब जाऊन बघत आणि परत येत राहिली, तेवढ्यात एक स्वेटर विणून झाला असता. मग कुणीही तिच्यावर बसायचं नाही असं फर्मान निघालं. थंडी कितीही वाजो, चादर फक्त बघायची. थोरलीनं बाहेर टाकलेला दुधाचा पोचा आलेला कॅन मावशीनं उचलून आणला, त्यात वाळलेलं गवत खोवलं आणि दिवाणखान्यात ठेवला.

"मी जे भंगारात टाकते ते ही पाहुण्यांना दाखवते," थोरली म्हणाली. "उद्या मला जपून राहायला हवं."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मग ते उशांचं प्रकरण झालं.

माळ्यावरच्या पेटीत मावशीला एक जुनी लोकरी शाल सापडली. तपकिरी, कडेला लाल वेलबुट्टी, मध्ये कसरीनं पाडलेली भोकं. मावशीच्या डोळ्यांसमोर मासिकाचं पानच उभं राहिलं. तिनं कात्री घेतली, भोकं टाळून शाल कापली आणि सोफ्यावरच्या दोन उशांना अभ्रे शिवले. शिवले फार सुरेख, ते तर थोरलीही नाकारत नाही. फक्त शाल थोरलीच्या आईची होती. थोरलीनं उशा बघितल्या, एक उचलली, पालथी केली, परत ठेवली.

"कात्री चालवायच्या आधी विचारायला तोंड नव्हतं?"

आता इथं दोन शब्द पुरले असते. मावशीला ते येतही होते. पण दवाखान्याची सवय. ती हसली आणि म्हणाली, "अहो वहिनी, तिला कसर लागली होती. उलट वाचली म्हणा ती."

पुढच्या रविवारी दादांनी घराच्या मधोमध प्लायवूडचा पडदा ठोकला. दादा बायकोपुढं बोलत नसत, पण हातोडी छान चालवत. समोरचं दार आणि ओसरी मावशीकडं गेली. स्वयंपाकघर आणि मागचं दार थोरलीकडं. मावशीनं कोठीच्या खोलीत शेगडी मांडली. अडचण एकच होती, विजेचा फ्यूज थोरलीकडं राहिला आणि पाण्याची तोटी मावशीकडं. म्हणून प्लायवूडला एक अरुंद दार ठेवलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी कड्या लावल्या. ते कधी उघडलं मात्र नाही. वीज गेली की मावशी एक थाप मारायची, पाणी गेलं की थोरली दोन. त्या थापांवर सहा-सात वर्षं दोन संसार चालले. इकडं शिंक आली की तिकडं दादा हळूच "जपून रे" म्हणायचे आणि थोरली त्यांच्याकडं बघायची.

मी सुट्टीत जायचे तेव्हा दोन्हीकडं चहा प्यायचे. मावशीकडं चहा मातीच्या नक्षीच्या कपात, त्यातून गळायचा. थोरलीकडं स्टीलच्या पेल्यात, जीभ भाजायची.

तर त्या वसंतात काय झालं ते सांगते.

शहरात मावशीच्या मैत्रिणींचं एक मंडळ होतं. नाव "सुंदर घर मंडळ". आपलं घर सुंदर असो वा नसो, दुसरीचं बघायला जायचं आणि परतीच्या बसमध्ये त्याची साल काढायची, हा मंडळाचा उद्देश. मावशी त्यांना दर ऋतूला फोटो पाठवायची. फोटोत प्लायवूड कधी आलं नाही, फार हुशारीनं टिपलेले असायचे. अखेर मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कळवलं, आम्ही सगळ्या येतोय, प्रत्यक्षच बघतो.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पण दुसऱ्या दिवशी ती बाह्या सरसावून उठली. तिनं समोरच्या दारासाठी एक मोठं कडं केलं. वेताच्या काड्या गोल वळवल्या, त्यावर शेवाळ गुंडाळलं, कापूस चिकटवला, वाळकी फुलं खोवली, मऊ गवताच्या जुड्या बांधल्या आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला खिळ्यावर लटकवलं. देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

थोरली पाणी टाकायला घराला वळसा घालून आली, कडं बघून थांबली आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, "टायर का लावलाय दाराला?"

पण कुणाला तरी ते फार आवडलं. एक चिमुकला तपकिरी पक्षी आला, कड्यावर बसून त्यानं इकडंतिकडं मान वळवली आणि खात्री करून घेतली. शेवाळ आहे, कापूस आहे, गवत आहे, वर छप्पर आहे. एवढं आयतं घर पक्ष्यांच्या जातीत कुणाला मिळालं नसेल. चार दिवसांत कड्याच्या पोटात वाटीएवढं घरटं झालं आणि त्यात अंडी दिसू लागली.

मावशीला आधी आनंद झाला. खरा पक्षी! मासिकात चिनीमातीचा असतो. मग तिच्या लक्षात आलं की दार उघडलं की कडं हलतं, कडं हललं की पक्षीण भुर्रकन उडते, आणि घरात येण्याजाण्याचं दार तेवढं एकच.

"कडं काढून झाडाला टांगू," ती म्हणाली.

"नाही," काका म्हणाले.

मावशीला वाटलं दुसरंच कुणी बोललं. तिनं मागं वळूनही बघितलं.

"काय म्हणालात?"

"नाही. जागा बदलली तर ती अंडी सोडून देते. पिल्लं उडेपर्यंत हे दार उघडायचं नाही." आणि काकांनी आपली खुर्ची उचलून आतून दाराला टेकवली, वर्तमानपत्र घेतलं आणि बसले. बंद पडलेल्या लिफ्टच्या दारावर लावायची एक जुनी पाटी त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवली होती, 'वापर बंद आहे'. ती त्यांनी दाराशेजारच्या खिडकीच्या काचेला आतून लावली.

"अहो, मग आपण बाहेर कसं पडायचं?"

"खिडकीतून."

इतकी वर्षं मावशी ज्या माणसाला हवं तिथं हलवत होती तो आता दगडासारखा बसला होता. तिनं रागावून बघितलं, रडून बघितलं, जेवायला उशीर करून बघितला. काका वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणाले, "बारा-पंधरा दिवस अंड्यांचे, तेवढेच पिल्लांचे. तुझ्या मंडळाला सांग, नंतर या." पण मंडळाला नंतर या म्हणणं म्हणजे बसमध्ये साल निघायला आयतं निमित्त. तिनं सांगितलं नाही.

मग खिडकी सुरू झाली. आत स्टूल, बाहेर उलटी बादली. काका सडपातळ, ते सळकन जात. मावशीची अंगकाठी मात्र दवाखान्यात बसून घडलेली. पहिले दोन दिवस ती कशीबशी निभावली. तिसऱ्या दिवशी बाहेरची बादली घरंगळली आणि मावशी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली. वरचा भाग दिवाणखान्यात, बाकीचा अंगणात. काका दुकानात गेले होते.

पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय. एवढं दोन्हीकडं सारखं आहे की थोरली तिकडून कपडे वाळत घालायला आली आणि बादली हातात धरून तिथंच थांबली.

"कोण आहे तिथं?" मावशीनं आतून विचारलं. तिला मागचं दिसत नव्हतं.

"मी."

"बघू नका हो तुम्ही!"

"एवढं मोठं समोर आल्यावर न बघून कसं चालेल?"

सहा-सात वर्षांतलं हे पहिलं बोलणं.

"हसू नका!"

"हसत नाहीये. ठसका लागलाय." थोरलीनं कपड्यांची बादली खाली ठेवली, मावशीचे दोन्ही पाय धरले. "आत ढकलू की बाहेर ओढू?"

"तुम्हाला काय सोपं पडेल ते."

"सोपं तर सोडून जाणं आहे."

शेवटी थोरलीनं तिला बाहेर ओढलं. दोघी वाळवणाच्या कपड्यांवर पडल्या. थोरली उठली, कपडे परत धुवायला बादलीत टाकले आणि घरात गेली. मावशीला वाटलं, झालं. पण काकांनी परत येऊन तिला कसंबसं खिडकीतून आत ढकललं, तोच प्लायवूडवर थाप पडली. एक नाही, दोन नाही, चांगल्या दणादण. मग पलीकडची कडी निघाल्याचा आवाज आला.

"उघड तुझ्या बाजूनं," थोरलीचा आवाज आला. "पिल्लं उडेपर्यंत माझ्या घरातून जा-ये करा. तुला रोज ओढायला माझ्या कमरेत जोर नाही. आणि एक सांगून ठेवते, जाता-येता माझ्या स्वयंपाकघरात काही सजवायचं नाही."

"मी कशाला सजवू?" मावशी म्हणाली आणि गोड हसली.

दुसऱ्याच दिवशी थोरलीच्या खिडकीत काचेची बाटली आणि तिच्यात पालवी फुटलेली एक डहाळी आली. थोरलीनं डहाळी उचलून बाहेर फेकली आणि बाटलीत तेल भरलं. पुढच्या दिवशी दुसरी बाटली. थोरलीनं तिच्यात व्हिनेगर भरलं. चौथ्या बाटलीपर्यंत थोरलीच्या सगळ्या पातळ वस्तूंना बाटल्या झाल्या, आणि पाचवी डहाळी राहिली. भरायला काही उरलं नव्हतं म्हणून, असं थोरली आजही सांगते.

पुरुषांचं वेगळंच झालं. अरुंद दार उघडल्यावर दादा एक दिवस चोरासारखे इकडं आले, काकांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकली आणि खिडकीच्या फटीतून घरट्याकडं बघत बसले. दोन भाऊ इतकी वर्षं शिंकेपुरते बोलले होते. आता तासन्‌तास बोलायचे, पण फक्त पक्ष्यावर.

"आज उशिरा आली."

"वारा आहे."

"किडा आणला का?"

"तिच्यासाठी त्यानं आणला. नर मोठा आहे हो कामाचा."

"हं. आपल्यासारखा नाही."

मग मंडळाचा दिवस उजाडला. मी आदल्या दिवशीच मदतीला आले होते. मावशीनं अध्यक्षबाईंना मागच्या दारानं यायला सांगितलं होतं, "खेड्यातली पद्धतच तशी" असं म्हणून. समोरच्या दाराला टेकून बसलेले दोन म्हातारे मात्र तिला चित्रात बसेनात. तिनं दोघांना बस उभी करायला मदत करा म्हणून बाहेर पिटाळलं आणि त्यांच्या जागी एक उंच फुलदाणी ठेवली, वर कणसांचे तुरे खोवलेली.

"ही हलली तर मी जबाबदार नाही," काका जाताना म्हणाले.

"फुलदाणी कशाला हलेल? ती काही माणूस नाही."

बस आली. डझनभर बायका मागच्या दारानं थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथंच खिळल्या. वर कांद्याच्या माळा, काळा पडलेला तवा, फडताळावर वापरून वापरून मधोमध झिजलेला लाकडी चमचा, खिडकीत डहाळी.

"अगं बाई! काय अस्सल केलंय!" अध्यक्षबाई म्हणाल्या. धिप्पाड बाई, डोक्यावर केसांचा मनोरा. त्यांनी तव्याला बोट लावून बघितलं. "हा काळा रंग कुठल्या कंपनीचा?"

"जळका," थोरली म्हणाली.

"आणि हा चमचा? इतका जुना लुक कसा आणलात?"

"ढवळून."

बायकांनी फोटो काढले. एकीनं चमचा हळूच पर्समध्ये घालायला घेतला, तो थोरलीनं तिच्या हातातून काढून घेतला आणि त्यानंच तिला रस्ता दाखवला. मावशीचा चेहरा पडला होता. तिची सगळी मेहनत प्लायवूडच्या पलीकडं वाट बघत होती आणि मंडळ इकडं कांद्यांचे फोटो काढत होतं. तिनं कसंबसं हसत सगळ्यांना अरुंद दारातून एकेक करून दिवाणखान्यात नेलं.

तिथं सगळं होतं. सहज टाकलेली चादर, गवत खोवलेला कॅन, ताज्या फुलांची टोपली, फिक्या हिरव्या फिती बांधलेले पडदे. बायका "छान, छान" म्हणाल्या, पण स्वयंपाकघरात म्हणाल्या तसं नाही. अध्यक्षबाई मान तिरकी करून मधोमध उभ्या राहिल्या.

"सगळं झकास आहे. फक्त उजेड नाही. ही फुलदाणी इथं चुकली बघ. मी दाखवते."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन होते. मावशी "नको, नको!" असं ओरडली, पण हसतच ओरडली, त्यामुळं अध्यक्षबाईंना तो विनय वाटला. त्यांनी फुलदाणी कडेला सरकवली, कडी काढली आणि दार आत ओढलं.

दाराबरोबर कडं आत आलं, आणि कड्यातून पक्षीण सुसाट घरात.

पुढं जे झालं त्याला कुठल्याही ऋतूची सजावट म्हणता येणार नाही. पक्षीण छताशी भिरभिरली, आरशावर आपटली, पडद्यावरून फुलांच्या टोपलीत आणि टोपलीतून अध्यक्षबाईंच्या मनोऱ्यावर. तिथं तिला क्षणभर घरच्यासारखं वाटलं असावं. कारण तिनं तिथं जे केलं ते कुणीही फक्त घरीच करतं. अध्यक्षबाई किंचाळल्या. त्या किंचाळल्या म्हणून बाकीच्या किंचाळल्या. कॅन पालथा झाला, गवत पसरलं, एक बाई गवतावरून घसरून दुसरीच्या मांडीवर बसली. मी ट्रे घेऊन भिंतीला चिकटले. खिडकीबाहेर काका आणि दादांचे दोन चेहरे काचेला नाकं लावून, पांढरेफटक.

"गप्प!"

थोरली अरुंद दारात उभी होती. तो आवाज मी आधी सांगितला तोच. शांतता इतकी पडली की पंखांची फडफड ऐकू आली.

"सगळ्या खाली बसा. जमिनीवर. पडदे ओढा. दार सताड राहू दे, उजेड फक्त तिथूनच येऊ दे. आणि जी बोलेल तिला मी खिडकीतून बाहेर काढीन, मला सवय आहे."

डझनभर शहरी बायका फरशीवर बसल्या. फरशी गार होती. एकीनं हळूच हात वर केला आणि ती सहज टाकलेली चादर ओढून घेतली. मावशीनं अडवलं नाही. चादर चौघींच्या पायांवर पसरली गेली, आणि ती आणल्यापासून पहिल्यांदाच तिनं कुणाला तरी ऊब दिली.

पडदे ओढल्यावर खोलीत अंधुक झालं. पक्षीण मासिकांच्या कपाटावर धापा टाकत बसली होती. मावशी आणि थोरली सोफ्याला टेकून शेजारी शेजारी बसल्या. थोरलीची कंबर दुखत होती म्हणून तिनं चाचपून सोफ्यावरची उशी ओढली आणि पाठीशी घ्यायला गेली. मग थांबली. बोटं लाल वेलबुट्टीवरून फिरली. मी जवळच होते, मला दिसलं.

पक्षीण कपाटावर, आम्ही जमिनीवर.

"चुकलं माझं," मावशी एकदम कुजबुजली. हसली नाही. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुमच्या आईची आहे हे मला माहीत नव्हतं, पण विचारलंही नाही ना मी."

थोरलीनं उशी मांडीवर घेतली.

"उसवून देऊ का?" मावशी म्हणाली. "तुकडे जोडून परत..."

"आता काय जोडतेस. कसर लागलेलीच होती ती." थोरलीनं नाक ओढलं. "आई पायावर घेऊन बसायची. काहीही सांडायची तिच्यावर. चहा, औषध. हा डाग बघ, हा माझा आहे, मी लहान असतानाचा."

"तो मी फुलाच्या नक्षीत लपवलाय."

"कळलं मला. म्हणूनच तर जास्त राग आला." मग जरा वेळानं, "दोन आहेत ना?"

"दोन."

"एक माझ्याकडं राहू दे."

तेवढ्यात पक्षीण उडाली. एकदा छताला घिरटी घातली आणि दाराच्या उजेडातून बाणासारखी बाहेर गेली. थोरली गुडघ्यांवर सरकत दाराशी गेली आणि झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं तिनं दार हळूहळू लोटलं. कडं पुन्हा बाहेर, अंडी जागेवर. पण पक्षीण परत येईल की नाही, कुणाला माहीत?

मग सगळं मंडळ पडद्याच्या फटीशी गोळा झालं. मागच्या ओळीतल्या बायका पुढच्यांना कानात विचारत, "आली का?" चहा निवला. अध्यक्षबाईंच्या मनोऱ्यावरचा पांढरा ठिपका वाळला, पण त्याही बोटाच्या चिमटीत पडदा धरून श्वास रोखून उभ्या होत्या. बाहेर काका आणि दादा कुंपणाशी पुतळ्यासारखे. काकांनी दादांचा हात धरला होता.

पक्षीण आधी कुंपणावर आली. मग पायरीच्या कठड्यावर. मान वळवली, शेपूट उडवली, जणू हे घर अजून तेच आहे का याची खात्री करत होती. आणि मग टुणकन कड्यात शिरली. नुसती चोच बाहेर दिसू लागली.

अध्यक्षबाई रडल्या. त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना धुळीची ॲलर्जी आहे.

बसमध्ये मंडळानं कुणाची किती साल काढली ते कळायला मार्ग नाही. पण निघताना अध्यक्षबाईंनी मावशीचा हात धरला आणि म्हणाल्या, "घर अगदी जिवंत आहे गं." मग थोरलीकडं वळून, "तो तवा विकणार का?"

"मग भाकरी कशावर भाजू?" थोरली म्हणाली.

पिल्लं निघाली, चोची उघडून ओरडू लागली, आणि एका सकाळी एकेक करून कठड्यावरून उडून गेली. दोन्ही भाऊ शेवटचं पिल्लू जाईपर्यंत बसून होते. दादांनी त्यानंतर दिवसभर कुणाशी बोलणं केलं नाही, तसे ते एरवीही करत नाहीत, पण त्या दिवशी जाणवलं. काकांनी मात्र "तू म्हणशील तसं" म्हणणं सोडलंय. आता कुठं काय ठेवायचं यावर त्यांचं मत असतं आणि ते हमखास चुकीचं असतं. मावशी वैतागते आणि मला फोन करून सांगते. आवाजावरून तरी ती खूश वाटते.

उन्हाळ्यात मी परत गेले. आत शिरते न शिरते तोच थोरलीच्या स्वयंपाकघरातून आरडाओरडा ऐकू आला.

"मी ती उन्हाळ्यासाठी मांडली होती! काचेच्या वाडग्यात पिवळी लिंबं, खाली निळं कापड, किती गार वाटतं डोळ्यांना!"

"डोळ्यांना वाटतं. घशाला काय वाटतं?"

थोरली टेबलाशी उभी राहून लिंबं पिळत होती. अर्धा वाडगा रिकामा झाला होता. मावशी तिच्या कोपराला लोंबकळून उरलेली वाचवू बघत होती.

"निदान चार ठेवा!"

"दोन."

"तीन, आणि ती मधोमध."

थोरलीनं तीन ठेवली. बाकीच्यांचं सरबत केलं, सगळ्यांना पेले भरून दिले, दादांना आणि काकांना बाहेर नेऊन दिले. मावशीनं रुसून पेला हातात घेतला, एक घोट घेतला, मग दुसरा, मग सगळा संपवला, आणि पेला पुढं करत म्हणाली, "साखर कमी पडलीय तुमची."

"मग आण की," थोरली म्हणाली. "बसून काय सांगतेस?"

मावशी उठली आणि साखर आणायला गेली.